आयर्लंडची खानेसुमारी आणि पूर्वजांचीं घरें

आपले पणजोबा कोण होते हें बहुतेक सुशिक्षित घरांतून सांगतां येतें. पण पणजोबांचें घर कसें होतें, त्यास खण किती होते, भिंती मातीच्या होत्या कीं दगडाच्या, गोठा घरास लागून होता कीं निराळा, असें विचारूं गेल्यास दहांपैकीं नऊ गृहस्थ निरुत्तर होतील. वंशावळींत नांवें टिकतात; घरें टिकत नाहींत. आयर्लंडांत मात्र याच्या उलट प्रकार पाहावयास मिळतो. तेथील कित्येक कुळांस पणजोबांच्या बापाचें नांव निश्चयानें सांगतां येत नाहीं. परंतु पणजोबांच्या घरास दर्शनी बाजूला किती खिडक्या होत्या हें तें कूळ कागद दाखवून सांगूं शकतें. हा विलक्षण प्रकार कसा घडून आला व त्या कागदांवरून घराची ओळख कशी पटते, हें आज आमच्या वाचकांपुढें मांडण्याचें योजिलें आहे.

आयर्लंड हें नांव महाराष्ट्रास नवें नाहीं. लोकमान्य टिळकांनीं १९१६ सालीं जो होमरूल संघ स्थापिला त्याचें नांवच त्या देशाच्या चळवळीवरून आलें होतें, आणि भगिनी निवेदिता यांचा जन्म १८६७ सालीं त्याच देशाच्या टायरोन परगण्यांतील डंगॅनन गांवीं झाला. परंतु आयरिश लोकांचें राजकारण आपण जितकें वाचलें, तितकें त्यांचें घर पाहिलें नाहीं. तें घर पाहण्याची उत्कंठा खुद्द त्यांच्यांतल्याच फार मोठ्या समाजास आज लागलेली आहे. १८४५ पासून १८५२ पर्यंत बटाट्याच्या पिकावर रोग पडून जो भयंकर दुष्काळ झाला, त्यांत सुमारें दहा लक्ष माणसें मेलीं व त्याहून अधिक देशोधडीला लागलीं. पुढेंहि देशत्यागाचा ओघ कित्येक दशकें चालूच राहिला. एकट्या अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत आज तीन कोटींहून अधिक लोक आपलें मूळ आयरिश असल्याचें सांगतात. यांपैकीं पुष्कळांजवळ गांवाचें एक अर्धवट, चुकीच्या उच्चारानें चालत आलेलें नांव असतें, एखादें जुनें छायाचित्र असतें, आणि ‘आमचें घर मातीचें व गवतानें शाकारलेलें होतें’ अशी आजीच्या तोंडची एक आठवण असते. ती आठवण खरी कीं खोटी हें ठरविण्याचें साधन म्हणजे जुन्या शिरगणतीचे कागद होत.

या कागदांची कथा बहुतांशीं विनाशाचीच आहे. आयर्लंडांत १८२१ पासून १९११ पर्यंत दर दहा वर्षांनीं शिरगणती झाली. म्हणजे एकंदर दहा वेळां. त्यांपैकीं पहिल्या चार गणनांचीं मूळ पत्रकें डब्लिन येथील फोर कोर्ट्स नांवाच्या न्यायमंदिराच्या आवारांत, सार्वजनिक दफ्तरखान्यांत ठेविलीं होतीं. १९२२ सालीं स्वातंत्र्याचा तह मानणारे व न मानणारे यांच्यांत यादवी युद्ध जुंपलें आणि ३० जून रोजीं त्या इमारतीत प्रचंड स्फोट होऊन आग लागली. कित्येक शतकांचें दफ्तर त्या एका दिवसांत जळालें. १८२१ च्या पत्रकांतून कॅव्हन, फर्मानाघ, गॉलवे, मीथ व ऑफली या परगण्यांचे कांहीं तुकडे वाचले. पुढील तीन गणनांचे त्याहूनहि थोडे. १८६१ व १८७१ चीं पत्रकें तर, आंकडे काढून घेतल्यावर आतां यांचा उपयोग काय, अशा विचारानें सरकारनेंच आधीं नष्ट करविलीं होतीं; आणि १८८१ व १८९१ चीं पहिल्या महायुद्धाच्या काळांत लगदा करण्यासाठीं गेलीं. शत्रूच्या हातून दफ्तर जळालें तर मनुष्य हळहळतो. पण कारकुनी हिशेबानें सावकाश, सही-शिक्क्यानिशीं तें रद्दींत घातलें जावें, याला काय म्हणावें! याप्रमाणें दहांतून आठ गेलीं. १९०१ व १९११ या दोनच गणना पूर्णपणें उरल्या, आणि आयरिश कुळांचा सारा भार आतां या दोहोंवर आहे. १९२१ सालीं देशांत स्वातंत्र्ययुद्ध पेटलें असल्यामुळें गणना झालीच नाहीं. १९२६ च्या एप्रिलच्या १८ तारखेस नव्या स्वतंत्र राज्यानें आपली पहिली गणना केली. तिचीं पत्रकें कायद्यानें शंभर वर्षें बंद ठेवावयाचीं होतीं आणि ती मुदत एप्रिल २०२६ मध्यें भरते.

वाचलेल्या दोन गणनांचीं पत्रकें आयर्लंडच्या राष्ट्रीय दफ्तरखान्यानें २००७ सालापासून क्रमाक्रमानें संगणकावर आणलीं व तीं कोणासहि विनामूल्य पाहतां येतात. मूळ हस्ताक्षर, शाईचे डाग व खोडाखोडीसुद्धां मेलबोर्न किंवा शिकागो येथें घरबसल्या दिसावी ही सोय लहानसहान नव्हे.

आतां पत्रकें कशीं भरलीं गेलीं तें पाहूं. १९०१ च्या गणनेची रात्र ३१ मार्चची, रविवारची. १९११ ची २ एप्रिलची, तीहि रविवारचीच. त्या रात्रीं जो ज्या छपराखालीं निजला त्याची गणना त्या घरीं व्हावयाची. पत्रकें वांटण्याचें व गोळा करण्याचें काम पोलिसांकडे होतें. डब्लिन शहरांत शहर-पोलिसांकडे व बाहेर रॉयल आयरिश कॉन्स्टॅब्युलरीच्या शिपायांकडे. याच शिपायांच्या पहाऱ्यांत मागील पिढींत सारा थकलेल्या कुळांना घराबाहेर काढलें गेलें होतें; तोच शिपाई आतां वही घेऊन दारांत उभा राहून घराच्या खोल्या विचारीत होता. लोकांनीं त्याला कितपत मोकळ्या मनानें उत्तरें दिलीं असतील याचा अंदाज वाचकांनींच करावा.

घरांतल्या माणसांचें पत्रक कुटुंबप्रमुखानें स्वतः भरावयाचें असे. त्यांत प्रत्येकाचें नांव, प्रमुखाशीं नातें, धर्मपंथ, लिहितां-वाचतां येतें कीं नाहीं, वय, धंदा, विवाहित कीं अविवाहित, जन्माचा परगणा, आयरिश भाषा येते कीं काय, आणि कोणी मुका, बहिरा, आंधळा किंवा वेडा आहे काय, इतकीं सदरें होतीं. वंशावळ शोधणारा मनुष्य हें एक पत्रक पाहतो, नांवें उतरून घेतो आणि समाधानानें उठतो. आमच्या मतें तो अर्धी मेजवानी टाकून उठला. कारण याखेरीज शिपायानें स्वतः, आपल्या डोळ्यांनीं पाहून भरलेलीं दुसरीं दोन पत्रकें आहेत. एक घरांचें व इमारतींचें, दुसरें गोठे-कोठारांचें. आपल्याकडे पेशवाईच्या दफ्तरांत घरमोजणीच्या कागदास जो ‘खानेसुमारी’ हा शब्द सांपडतो, तोच या पत्रकांना नेमका लागू पडतो. येथें गणना माणसांची नव्हे, घरांची आहे.

घरांच्या पत्रकांत शिपाई आपल्या वाटेनें जातां जातां एकेका घरास अनुक्रम देई आणि एकेका ओळींत त्याचें वर्णन आंकड्यांनीं लिही. भिंती दगडाच्या, विटांच्या किंवा काँक्रीटच्या असल्यास १ मांडावयाचा; मातीच्या, लांकडाच्या किंवा दुसऱ्या नाशवंत वस्तूच्या असल्यास शून्य. छप्पर स्लेटच्या दगडी पाट्यांचें, लोखंडी पत्र्याचें अगर कौलारू असल्यास १. गवताचें, लांकडाचें असल्यास शून्य. खोली एकच असली तर १, दोन, तीन किंवा चार असल्या तर २, पांच-सहांस ३, सातांपासून नवांपर्यंत ४, दहापासून बारांपर्यंत ५, तेरा अगर अधिक असल्यास ६. शेवटीं घराच्या दर्शनी भागांत खिडक्या किती, तो खरा आंकडा. फक्त दर्शनी भागांतल्याच कां, तर शिपायाला रस्त्यावरून त्या मोजतां याव्यात हाच हेतु असावा असें आम्हांस वाटतें. या चार आंकड्यांची बेरीज करून घराचा वर्ग ठरे. बेरीज १ किंवा २ आली तर चौथा वर्ग. ३ ते ५ आली तर तिसरा. ६ ते ११ पर्यंत दुसरा. आणि १२ किंवा त्यावर पहिला.

हा हिशेब रुक्ष दिसतो खरा. पण थोडें थांबून पाहिलें तर त्यांत घर उभें राहतें. समजा, एका ओळींत शून्य, शून्य, एक, एक असे आंकडे आहेत. म्हणजे मातीच्या भिंती, गवताचें छप्पर, एकच खोली व एकच खिडकी. त्याच ओळीच्या पुढील सदरांत ‘कुटुंबें १, माणसें ८’ असें असेल, तर त्या एका खोलींत, एका चुलीच्या भोंवतीं आठ जण जेवत, निजत व आजारी पडत होते हें सांगावयास कवीची गरज उरत नाहीं. (किती माणसें आजारी आहेत यासहि एक सदर होतें.) आतां दुसरें घर पाहा. दगडी भिंती १, गवताचें छप्पर शून्य, तीन खोल्यांबद्दल २, खिडक्या दोन. बेरीज ५, म्हणून वर्ग तिसरा. या गृहस्थानें भिंत फोडून आणखी एक खिडकी पाडली कीं बेरीज ६ होऊन घर दुसऱ्या वर्गांत गेलें! न खोली वाढली, न छप्पर बदललें. १९०१ सालीं तिसऱ्या वर्गांत असलेलें घर १९११ सालीं दुसऱ्या वर्गांत दिसलें म्हणजे कुटुंबाची स्थिति पालटली असें जे अनुमान करतात त्यांनीं आधीं खिडकीचें सदर पाहावें, अशी आमची सूचना आहे.

वर्गाची ही कल्पना बरीच जुनी. १८४१ च्या गणनेंत थॉमस लार्कम या अधिकाऱ्याच्या योजनेवरून घरांचे प्रथम चार वर्ग करण्यांत आले. तेव्हां एका खोलीच्या मातीच्या झोंपड्यांस चौथा वर्ग दिला होता, आणि अशीं घरें सुमारें ४ लक्ष ९१ हजार भरलीं. म्हणजे देशांतील दर पांच घरांमागें जवळजवळ दोन. दहा वर्षांनीं, १८५१ सालीं, तोच आंकडा सुमारें १ लक्ष ३५ हजारांवर आला. केवळ आंकडे वाचणारास वाटावें कीं काय ही सुधारणा! खरें पाहतां त्या दहा वर्षांच्या मध्यें दुष्काळ होता. घरें सुधारलीं नव्हतीं. त्यांतलीं माणसें मेलीं, परदेशीं गेलीं, किंवा बाहेर काढलीं गेलीं, आणि तीं पुन्हां येऊन राहूं नयेत म्हणून छपरें ओढून पाडण्यांत आलीं. १९०१ पर्यंत चौथ्या वर्गाचीं घरें दहा हजारांच्या आंत येऊन ठेपलीं होतीं. या उत्तरार्धांत मात्र खरी सुधारणा होती, कारण १८८३ नंतर मजुरांसाठीं चांगलीं घरें बांधण्याचे कायदे होत गेले.

वर्गावर आंधळा विश्वास ठेवूं नये याचीं दोन कारणें आम्हांस विशेष महत्त्वाचीं वाटतात. पहिलें भूमीचें. पश्चिमेकडील कॉनेमारा प्रांतांत शेतांत माती थोडी व दगडच दगड. तेथें अत्यंत दरिद्री मनुष्याची खोपटीहि दगडाचीच असावयाची, आणि तिला भिंतीबद्दल १ मिळावयाचा. उलट आग्नेयेकडील वेक्सफर्ड परगण्यांत चिकणमाती व पेंढा कालवून जाड, उबदार भिंती घालण्याची जुनी कला होती. तेथील सुखवस्तु शेतकऱ्यांचीं दुमजली घरेंसुद्धां मातीचीं व गवतानें शाकारलेलीं असत. त्यांस भिंतीबद्दल शून्य, छपराबद्दलहि शून्य. शिपायाच्या वहींत माती म्हणजे नाशवंत वस्तु. पण त्यांतलीं कित्येक घरें शतकें टिकलीं. ज्यांनीं कोंकणांत जांभ्या दगडाचीं व देशावर पांढऱ्या मातीचीं घरें पाहिलीं आहेत, त्यांस घर हें धन्याच्या ऐपतीइतकेंच जमिनीच्या पोटांतून येतें हें निराळें सांगावयास नको.

दुसरें कारण शहराचें, आणि तें अधिक दारुण आहे. डब्लिनच्या हेन्रिएटा स्ट्रीट या रस्त्यावर अठराव्या शतकांत उमरावांसाठीं मोठमोठे वाडे बांधले गेले. १८०१ सालीं डब्लिनची पार्लमेंट मोडून ती लंडनच्या पार्लमेंटांत विलीन झाली, उमरावांनीं हळूहळू शहर सोडलें, आणि एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत या वाड्यांच्या खोल्याखोल्या करून त्या गरिबांस भाड्यानें देण्यांत आल्या. १९११ च्या गणनेंत त्या रस्त्यावरील पंधरा घरांत ८३५ माणसें राहत होतीं. १४ क्रमांकाच्या एका वाड्यांत १७ कुटुंबांतील १०० माणसें होतीं. आतां अशा वाड्यास शिपायाचा हिशेब लावून पाहा. विटांच्या भिंती १. स्लेटचें छप्पर १. तेराहून अधिक खोल्या, त्याबद्दल ६. येथपर्यंतच आठ झाले. दर्शनी चार खिडक्या मिळाल्या कीं बारा, आणि वाड्यास खिडक्यांची काय उणीव! तेव्हां घर पहिल्या वर्गाचें. नक्षीच्या छताखालीं पडदे लावून राहणारें, एका खोलींत सात-आठ जीव कोंबलेलें कुटुंब ‘पहिल्या वर्गाच्या घरांत’ आणि मेयो परगण्यांत आपल्या तीन खोल्यांत स्वतंत्रपणें नांदणारा शेतकरी ‘तिसऱ्या वर्गाच्या घरांत’! गणनेच्या अधिकाऱ्यांस हा विपर्यास कळत नव्हता असें नाहीं. त्यांनीं १८४१ पासूनच घराच्या वर्गाहून वेगळा ‘निवासाचा वर्ग’ काढिला होता. पहिल्या वर्गाच्या घरांत सहा किंवा अधिक कुटुंबें असल्यास त्यांचा निवास चौथ्या वर्गाचा धरावा असा नियम होता. परंतु हा निवासाचा वर्ग सरकारी कोष्टकांतच राहिला. ओळींत शिपायानें लिहिला तो घराचा वर्ग. म्हणून संशोधकानें वर्गाचें सदर झांकून ठेवून ‘या कुटुंबाच्या ताब्यांत खोल्या किती’ हें सदर आधीं वाचावें. पणजोबांची अब्रू तेथें आहे. १४ क्रमांकाचा तो वाडा आज संग्रहालय झाला असून २०१८ पासून लोकांस पाहावयास मिळतो.

गोठे-कोठारांचें पत्रक आम्हांस सर्वांत रसाळ वाटलें. त्यांत घोड्यांचा तबेला, गाडीखाना, गोठा, वासरांची जागा, दुधाची खोली, डुकरांचें खुराडें, कोंबड्यांचें खुराडें, धान्याची वखार, बटाट्यांची खोली, कारखाना, लोहाराचा भाता इत्यादिकांचीं सदरें असून प्रत्येकाखालीं संख्या मांडिलेली आहे. ‘टर्फ’ म्हणजे दलदलींतून कापून वाळविलेलें जळाऊ मातीचें सरपण. तें ठेवण्याच्या जागेचेंहि सदर आहे. एका दृष्टिक्षेपांत त्या घराचें पोट कशावर भरत होतें हें कळतें. गोठा आहे पण दुधाची खोली नाहीं, म्हणजे दूध घरापुरतें किंवा बाहेर जाणारें. तबेला व गाडीखाना दोन्ही आहेत, म्हणजे रविवारीं प्रार्थनेस गाडींतून जाणारें कुटुंब. मात्र येथेंहि सावधगिरी हवी. पश्चिमेकडील कांहीं जुन्या घरांत गाय त्याच छपराखालीं, एका टोंकाला बांधीत असत. तेव्हां गोठ्याच्या सदरांत शून्य दिसलें म्हणून गाय नव्हती असें म्हणतां येत नाहीं. थंड देशांत गाईच्या उबेनें घरास ऊब येई, आणि चोरापासून राखणहि होई.

घरांत राहणारांच्या पत्रकाकडे आतां वळूं. कारण एकत्र कुटुंबांत वाढलेल्या आमच्या वाचकांस त्यांत पुष्कळ ओळखीचें व थोडें अनोळखी दिसेल. आयरिश शेतकऱ्याच्या घरीं बहुधा एकच मुलगा घर व शेत घेई. बाकीचे परदेशीं जात, चाकरी धरीत, किंवा भावाच्या घरीं अविवाहित राहून म्हातारे होत. त्यामुळें ‘प्रमुखाशीं नातें’ या सदरांत चाळिशींतला ‘भाऊ, अविवाहित’ किंवा पन्नाशीची ‘बहीण, अविवाहित’ वारंवार भेटते. मुलाचें लग्न होऊन सून घरांत आली म्हणजे आईबापांनीं चूल व मोठी खोली सोडून पश्चिमेकडील खोलींत जावयाचें, असा क्लेअर परगण्यांत प्रघात होता. आरेन्सबर्ग व किंबल या दोन अमेरिकन अभ्यासकांनीं १९४० सालीं प्रसिद्ध केलेल्या ग्रंथांत त्याचें मोठें हृद्य वर्णन आहे. पत्रकांत पश्चिमेची खोली लिहिलेली नसते. पण १९०१ सालीं बाप ‘प्रमुख’ व मुलगा ‘पुत्र’ असून १९११ सालीं मुलगा ‘प्रमुख’, त्याच्यापुढें ‘पत्नी’, आणि अगदीं खालच्या ओळींत ‘आई, विधवा’ असें आलें म्हणजे ती म्हातारी कोणत्या खोलींत गेली तें समजावें.

१९११ च्या पत्रकांत एक सदर नवें घातलें होतें. विवाहित स्त्रीनें लग्नास किती वर्षें झालीं, जिवंत जन्मलेलीं मुलें किती व त्यांतून हयात किती, हें सांगावयाचें. दोन आंकडे शेजारीं शेजारीं असत. दहा व सहा. नऊ व पांच. कोठें चार व शून्य. घरांच्या पत्रकांतील ‘खोली १, खिडकी १’ ही ओळ आणि हे दोन आंकडे एकत्र ठेवून वाचले म्हणजे डब्लिनच्या त्या भाड्याच्या खोल्यांत काय चाललें होतें हें कळावयास दुसरा पुरावा नको. कित्येक विधवांनीं व पुरुषांनींहि, त्यांना विचारलें नसतां, हे आंकडे भरले. मागून शिपायानें नियमाप्रमाणें ते खोडून टाकले. खोडलेल्या रेघेखालून ते आजहि वाचतां येतात.

वयाच्या सदराविषयीं एक मौज सांगण्यासारखी आहे. १९०१ सालीं पंचावन्न वर्षांचा असलेला मनुष्य १९११ सालीं सत्तरीचा व्हावा, असे प्रकार जागोजाग दिसतात. याचें कारण १९०८ चा वार्धक्य-वेतनाचा कायदा. १९०९ च्या जानेवारीपासून सत्तर वर्षांवरील गरिबांस आठवड्यास पांच शिलिंगपर्यंत वेतन मिळूं लागलें. परंतु आयर्लंडांत जन्मांची सार्वत्रिक सरकारी नोंद १८६४ पासून सुरू झालेली. सत्तर वर्षांच्या म्हाताऱ्यानें दाखला आणावा कोठून? १८३९ च्या ६ जानेवारीच्या रात्रीं आयर्लंडांत भयंकर तुफान होऊन हजारों घरांचीं छपरें उडालीं होतीं; तें तुफान आठवतें असें सांगणारांचें म्हणणें ऐकून घेण्यांत येई, आणि तें आठवणारांची संख्या त्या सालीं एकाएकीं फार वाढली म्हणतात! दुसरा मार्ग १८४१ व १८५१ च्या पत्रकांत लहानपणींचें नांव शोधविण्याचा होता. अर्जदारानें आईबापांचीं नांवें व गांव लिहून द्यावें, आणि दफ्तरांतील कारकुनानें पत्रक काढून उतारा करावा. पुढें १९२२ सालीं मूळ पत्रकें जळालीं. पण हे उतारे अर्जांबरोबर निराळे राहिल्यामुळें वांचले. आज दुष्काळापूर्वीच्या कित्येक कुटुंबांचा एवढाच कागद उरला आहे, आणि तोहि कोणा म्हाताऱ्याला आठवड्याचे पांच शिलिंग हवे होते म्हणून.

घराचा शोध प्रत्यक्ष कसा लागतो तें थोडक्यांत सांगतों. प्रथम ‘टाउनलँड’ कळली पाहिजे. ही आपल्याकडील वाडी-मौजासारखी सर्वांत लहान वांटणी असून देशांत अशा साठ हजारांवर आहेत. एकाच नांवाच्या कित्येक असतात, म्हणून परगणा व निवडणूक-विभागहि ठाऊक पाहिजे. जे पूर्वज १९०१ च्या आधींच परदेशीं गेले त्यांच्या वंशजांनीं निराश होऊं नये. मागें राहिलेला भाऊ किंवा पुतण्या बहुधा त्याच घरांत सांपडतो. शिपायानें घातलेला घराचा क्रमांक मात्र केवळ त्याच्या चालण्याचा क्रम होय. १९०१ चें ४ क्रमांकाचें घर १९११ सालीं ११ वें असूं शकतें, आणि दोन्ही क्रमांक नकाशावर नसतात. घर जमिनीवर दाखवावयाचें तर रिचर्ड ग्रिफिथ यानें १८४७ ते १८६४ पर्यंत केलेली करआकारणी व तिचे नकाशे घ्यावे लागतात. त्यांत कोणत्या तुकड्यावर कोणाचें घर, जमीन कोणाकडून घेतलेली व घराची आकारणी किती, हें लिहिलें आहे. आणि पुढील फेरफाराच्या वह्यांतून ते नांव बापाकडून मुलाकडे जातांना दिसतें. घरांच्या पत्रकांतील शेवटच्या सदरानें अनेकांची फसगत होते. त्यांत घर ज्याच्या वहिवाटीच्या जमिनीवर आहे त्याचें नांव असतें. पुष्कळ लोक त्यास जमीनदार समजतात; बहुधा तो शेजारचा साधा शेतकरी असतो. कुटुंबप्रमुखाचेंच नांव तेथें पुन्हां आलें असेल तर तो स्वतःच्या वहिवाटीवर राहणारा. दुसऱ्याचें असेल तर हा त्याच्या शेतावरचा मजूर, आणि घरहि त्याच्याच मर्जीवर.

हिंदुस्थानांत १८७२ पासून शिरगणती होत आली असली, तरी घरोघरचीं नांवनिशीवार पत्रकें पुढच्या पिढ्यांस पाहावयास मिळावीं अशी व्यवस्था येथें झाली नाहीं. आपल्यास आधार तो कुलवृत्तान्तांचा व त्र्यंबकेश्वर-काशी येथील तीर्थोपाध्यायांच्या वह्यांचा. त्यांत नांवें भरपूर आहेत. खिडकी एकहि नाहीं.

हीं पत्रकें हातीं घेऊन जे लोक अमेरिकेहून, ऑस्ट्रेलियाहून आयर्लंडास जातात, त्यांना तेथें काय दिसतें? कित्येकांना कांहींच दिसत नाहीं. भिंतींची एक चौकट आणि आंत वाढलेलें रान. परंतु पुष्कळ ठिकाणीं असें झालें आहे कीं कुटुंबास थोडे बरे दिवस आल्यावर त्यांनीं त्याच अंगणांत स्लेटच्या छपराचें नवें घर बांधलें आणि जुनें पाडलें नाहीं. अशा वेळीं १९०१ च्या पत्रकांत तें जुनें घर ‘भिंत १, छप्पर ०, खोल्या २, खिडक्या २’ असें राहत्या घरांच्या यादींत असतें. १९११ च्या यादींत तें नसतें. तेथें नवें घर आलेलें असतें, आणि गोठे-कोठारांच्या पत्रकांत गोठ्याच्या सदराखालीं एक आंकडा वाढलेला असतो. पणजीचें बाळंतपण जेथें झालें त्या खोलींत आतां गाई बांधल्या आहेत, आणि दर्शनी दोन खिडक्यांपैकीं एक दगडांनीं बुजविलेली आहे.